हेरकथा पडद्यावर मरते? सर, जरा थांबा

आमच्या सांगलीतल्या वाचकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ची खूण आणि खाली आमच्याच एका निवृत्त सरांचा शेरा, ‘शंभर टक्के सहमत’. मेसेज लांबलचक होता, पण सार एवढंच की हेरकथा वाचायची असते, पडद्यावर ती मरते. कारणं पाच दिली होती. हेराचं सगळं डोक्यात चालतं आणि डोक्यातलं कॅमेऱ्याला दिसत नाही. चारशे पानं दोन तासांत मावत नाहीत, मालिका केली तर पाणी घालावं लागतं. शेवट माहीत असला की थरार संपला. पात्रं आणि शेवट बदलणं ही लेखकाशी बेइमानी. आणि पाचवं, आपल्याकडच्या लोकांना तर हे जमतच नाही.

हे सर म्हणजे ज्यांच्याकडून मी पहिली हेरकादंबरी वाचायला नेली ते. ती परत करायची राहिली आणि २०१९च्या महापुरात माझ्या कपाटाच्या खालच्या फळीवर भिजली. गच्चीवर वाळवली, पण पानं पापडासारखी फुगली ती फुगलीच. सरांनी कधी विषय काढला नाही. तेव्हा त्यांच्याशी वाद घालायचा तर नीटच घालायला हवा.

पहिला मुद्दा सगळ्यांत वजनदार, म्हणून तिथे जास्त वेळ घेतो. जुन्या बाजारपेठांत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची रीत होती. बोटं दिसायची नाहीत. मग भोवतीची माणसं काय बघायची? चेहरे. अडत्याची भुवई जरा हलली की पलीकडच्याला अंदाज यायचा. हेरकथेचा खेळ हाच आहे. हेराचं काम लपवायचं आणि बघायचं. आता बघणारा आणि लपवणारा माणूस दाखवायला कॅमेऱ्याइतकं सोयीचं दुसरं काय आहे? कादंबरीत लेखकाला ‘त्याने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही’ असं लिहावं लागतं. पडद्यावर चेहरा असतो आणि त्यावर काही दिसत नाही, बास.

जॉन ल कारेची ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ १९७४ची. ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या अगदी वरच्या फळीत रशियाचा माणूस बसलाय, आणि नोकरीतून काढलेला जॉर्ज स्मायली त्याला हुडकतोय. अर्धी कादंबरी म्हणजे जुन्या फायली आणि जुन्या आठवणी. मेसेजच्या हिशेबाने ही पडद्यावर साफ पडायला हवी होती. १९७९ साली बीबीसीने सात भागांची मालिका केली, स्मायली झाला अ‍ॅलेक गिनेस. पहिलाच प्रसंग बघा. बैठकीच्या खोलीत चार माणसं एकेक करून येतात. कुणी फायली लावून ठेवतो, कुणी सिगारेट ओढतो, एकजण कपावर बशी झाकून चहा सांभाळत आत येतो. कुणी कुणाशी बोलत नाही. ही चारही माणसं संशयित आहेत हे आपल्याला पुढे कळतं, पण कोण किती पाण्यात आहे याची गणितं आपण तिथेच मांडायला लागतो. मनातलं एक वाक्यही ऐकवलेलं नाही.

याच कादंबरीत एक प्रसंग आपल्या दिल्लीतला आहे. रशियाचा हेरप्रमुख कार्ला पूर्वी एकदा दिल्लीच्या तुरुंगात सापडला होता आणि स्मायलीने त्याला आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला होता. कार्ला तोंडातून एक शब्द काढत नाही, बोलत राहतो तो स्मायली. उकाड्यात, घामाने निथळत, नको तेवढं. शेवटी बायकोने दिलेला लायटरही तिथेच गमावून येतो. पुस्तकात स्मायली हे सगळं बऱ्याच वर्षांनी सहकाऱ्याला सांगतो. मालिकेने तो तुरुंग दाखवला. पॅट्रिक स्टुअर्टचा कार्ला समोर बसलेला आहे, नुसता बघतोय, आणि त्या गप्प बसण्याने गिनेसचा आवाज उघडा पडत जातो. २०११च्या चित्रपटाने उलटं केलं. कार्ला दाखवलाच नाही. गॅरी ओल्डमनचा स्मायली रात्री खोलीत बसून रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागतो, जणू कार्ला तिथे बसलाय. एकच मजकूर, दोन तऱ्हा, दोन्हीत अंगावर काटा येतो. ‘डोक्यातलं दाखवता येत नाही’ म्हणणाऱ्याने हे दोन प्रसंग लागोपाठ बघावेत.

दुसरा मुद्दा लांबीचा. त्याचंही उत्तर याच कादंबरीत आहे. मालिका पाच तासांच्या आसपासची, चित्रपट दोन तास सात मिनिटांचा, आणि दोन्ही उभे राहिले. चित्रपटात वेळ कमी होता, म्हणून त्यांनी युक्त्या काढल्या. माझी आवडती चष्म्याची. नोकरी गेल्यावर स्मायली नवा चष्मा घेतो. पुढे गोष्ट मागेपुढे उड्या मारते, पण जुना चष्मा असेल तर जुना काळ आणि नवा असेल तर आत्ताचा. सालाची पाटी लावायची गरजच नाही. कादंबरीत दोन पानं गेली असती ते काम एका फ्रेमने केलं.

पाणी घालण्याबद्दल मात्र सरांचं अर्धं बरोबर. अर्धंच. मिक हेरनच्या ‘स्लो हॉर्सेस’ मालिकेत एका पुस्तकाला सहा भागांचा एक सीझन दिलाय आणि तो अंगाबरोबर बसतो. पण फ्रेडरिक फोर्सिथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’ची २०२४ साली दहा भागांची मालिका आली, त्यात जॅकल या भाडोत्री मारेकऱ्याला बायको, मूल, घरच्या कटकटी सगळं दिलंय. एडी रेडमेन काम छान करतो. पण जॅकल भीतीदायक होता तो त्याच्याबद्दल काहीच माहीत नसल्यामुळे. त्याला संसार दिला आणि तो आपल्यातलाच एक झाला. हे पाणीच.

आता तिसरा मुद्दा, शेवट माहीत असला की थरार संपतो म्हणणारा. त्याला तर जॅकलच उत्तर देतो, जुना, १९७३ सालच्या चित्रपटातला. कादंबरी १९७१ला आली तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल वारून वर्षही झालं नव्हतं, आणि ते घरी, नैसर्गिक मरणाने गेले हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. म्हणजे त्यांना मारायला निघालेला मारेकरी फसणार हे पहिल्या पानाआधीच वाचकाला माहीत. तरी पुस्तक धडाधड खपलं आणि फ्रेड झिनेमनचा चित्रपटही लोकांनी श्वास रोखून पाहिला. त्यातला कलिंगडाचा प्रसंग आठवा. जॅकल रानात जातो, झाडाला जाळीच्या पिशवीत कलिंगड टांगतो, लांब चालत जाऊन नेम धरतो. गोळी जरा बाजूला लागते. तो दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवतो, पुन्हा मारतो, पुन्हा फिरवतो. पार्श्वसंगीत नाही, संवाद नाही. मग शेवटी खास बनवलेली गोळी घालतो आणि कलिंगडाच्या चिंधड्या उडतात. द गॉल वाचणार हे माहीत असूनही तेव्हा पोटात गोळा येतो. ‘काय होणार’ हा प्रश्न संपला तरी ‘कसं होणार’ हा उरतोच.

आणि हे सांगलीकरांना कुणी सांगावं! कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर इथलेच. त्यांच्या ‘कीचकवधा’त कीचक मरणार हे नाटकाच्या नावातच आहे. १९०७ साली लोकांनी ते डोक्यावर घेतलं, कारण कीचकाच्या आड लॉर्ड कर्झन दिसत होता. सरकारला तो जरा उशिरा दिसला, मग १९१०मध्ये बंदी आली. भर रंगमंचावर गुप्त निरोप पोचवायचा हा प्रकार हेरगिरीहून फार लांबचा नव्हे, पण ते असो.

चौथा मुद्दा बेइमानीचा. इथे मला खरं तर सरांचाच राग येतो, कारण ते हरिपूरला संगमावर फिरायला जातात. गोविंद बल्लाळ देवल त्याच हरिपूरचे. त्यांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. नाव बदललं, वेश बदलला, भाषा बदलली. त्याला आपण बेइमानी म्हणतो का? प्रश्न बदललं की नाही हा नसून का बदललं हा आहे. रॉबर्ट लडलमच्या ‘द बॉर्न आयडेंटिटी’त, १९८०च्या कादंबरीत, नायकाच्या समोर कार्लोस नावाचा खराखुरा दहशतवादी आहे. चित्रपट आला २००२मध्ये. खरा कार्लोस १९९४ सालीच सुदानमध्ये पकडला गेला होता. तुरुंगात बसलेल्या माणसाची भीती कुणाला घालणार? त्यांनी त्याला गाळला आणि बरं केलं. इयन फ्लेमिंगच्या ‘कसिनो रोयाल’मध्ये, १९५३च्या कादंबरीत, बाँड बॅकरा हा पत्त्यांचा डाव खेळतो. त्यात बराचसा नशिबाचा भाग. २००६च्या चित्रपटात पोकर आहे. त्यात काही पानं सगळ्यांसमोर उघडी पडतात आणि बाकीची थापेवर चालतात, तीन पत्ती खेळलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. हेराची कसोटी कुठल्या डावात लागेल ते उघड आहे. ‘द नाइट मॅनेजर’मधला बर नावाचा अधिकारी कादंबरीत पुरुष आहे. २०१६च्या मालिकेत ती बाई झाली, तीही गरोदर, ऑलिव्हिया कोलमन. मला ती पुस्तकातल्या बरपेक्षा जास्त पटली. पुस्तक दोनदा वाचूनही.

बेइमानी होते तेव्हा ती वेगळी असते. ग्रॅहम ग्रीनच्या ‘द क्वायट अमेरिकन’वर १९५८ साली चित्रपट निघाला, त्यात कादंबरीतल्या दोषी अमेरिकन माणसाला निर्दोष ठरवून कादंबरीचा अर्थच पालथा घातला. ग्रीन चिडला, चिडायलाच हवं होतं. २००२च्या चित्रपटाने तो अर्थ सरळ केला.

पाचव्या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज नाही. हरिंदर सिक्कांच्या ‘कॉलिंग सेहमत’वरून मेघना गुलजारने २०१८ला ‘राझी’ केला. त्याच्या शेवटाबद्दल लेखकाने जाहीर नाराजी दाखवली, आणि तरी मी चित्रपटाच्या बाजूने आहे. त्यातली सेहमत जिंकून परत येते आणि जिंकण्याचं काय करायचं ते तिला कळत नाही. अमर भूषण स्वतः रॉमध्ये होते, त्यांच्या ‘एस्केप टू नोव्हेअर’वरून विशाल भारद्वाजने २०२३ला ‘खुफिया’ काढला, त्यात तब्बू आहे. नुसत्या नजरेने पाळत कशी ठेवतात ते तिच्याकडे बघावं. उत्तरार्ध सैल पडतो, ते मान्य. ‘फँटम’ फसला, तेही मान्य. पण दोन फसले म्हणून ‘जमतच नाही’ म्हणायचं, तर इंग्रजांनी किती फसवलेत त्याची यादी सरांना देईन.

माझी तक्रार वेगळी आहे. बहिर्जी नाईकांची समाधी आपल्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, बाणूरगडावर आहे. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांनी रहस्यकथांचे ढीग घातले. एवढं असून मराठी हेरकादंबरीवरची धड मालिका सांगा म्हटलं तर ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. पडद्यावर मारायला आधी ती पडद्यावर यायला तरी हवी.

हे सगळं ग्रुपवर टाकायच्या आधी सरांना पाठवलं. तासाभराने उत्तर आलं: ‘कलिंगड मान्य. राझीबद्दल फोनवर बोलू. आणि माझं पुस्तक?’