अनुदान सोलरला, पत्र्याला नाही

पत्र्याची घरं थंड ठेवण्यावरच्या एका लेखात 'ग्रामीण घरमालकांना छत थंड ठेवायला सरकारी अनुदान मिळतं' असं सरसकट लिहिलंय, ते चुकीचं आहे. पीएम सूर्यघर योजनेत पैसे मिळतात ते सोलर पॅनलचे: १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६०, आणि ३ किलोवॉट किंवा त्यापुढे कितीही बसवा, ७८ हजारच. पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर लावायला त्यातला रुपयाही येत नाही. घरकुल योजनेचे (सरकारी घरबांधणी अनुदानाचे) पैसे तर भिंती आणि छप्पर उभं करण्यातच संपतात, थंडाव्याचं काय घेऊन बसलात.

आमचं घर शिरूर तालुक्यात, वीस बाय तीसचं पत्र्याचं. एप्रिल-मेमध्ये दुपारी पंखा लावला की अंगावर भट्टीतली हवा येते. आधी दुकानदाराचं ऐकून आतून थर्माकोलच्या शीट मारल्या. वर्षभरात उंदरांनी त्यात बाळंतपणं उरकली, चुलीच्या धुराने शीट काळ्या पडल्या त्या वेगळ्याच (आणि थर्माकोल पेट घेतं, हे कुणी सांगतच नाही). शेवटी चुन्यात फेव्हिकॉल कालवून वरून दोन हात मारले. दोन हजारांत काम झालं, आता दुपारी पत्र्याखाली निदान बसवतं. पावसाळ्यात थर धुऊन जातो, म्हणून दर मार्चमध्ये शिडी काढायची. आणि परवानगी? चुना लावायला ग्रामपंचायतीत कुणी विचारलं नाही. भिंती दोन फूट उंच करायचं बोललो, तेव्हा मात्र आधी नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतली घराची नोंद) आणा म्हणाले.