डॉज सिटी, गोचीड आणि शाळकरी पोर

'एक जाणकार' यांस (हे नाव तुम्हीच घेतलंय, मी दिलेलं नाही),

डॉज सिटी म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं गाव; टेक्सासहून पायी हाकत आणलेली गुरं तिथे विकून रेल्वेत चढवत. तो बाजार काटेरी तारेने संपवला, असं मी लेखात लिहिलं आणि त्यावर तुमचं पत्र आलं. आधी तुमची दुरुस्ती मान्य करतो. सांता फे रेल्वे डॉज सिटीला पोचली ती 1872 च्या सप्टेंबरात; मी 1871 लिहिलं होतं. लेखात बदल केलाय. आभार.

आता तुमचं ते वाक्य. 'डॉज सिटी गोचिडीने संपवली, काटेरी तारेने नव्हे, हे शाळकरी पोरालाही कळतं.' मुद्दा मांडायला शाळकरी पोर कशाला मध्ये आणायला हवं होतं? 'मला असं वाटतं' एवढं म्हटलं असतंत तरी मी ऐकलं असतं.

आणि गोचीड मला नका शिकवू. शाळेतून आलं की गाईच्या कानातल्या, कासेजवळच्या गोचिडी उपटून रॉकेलच्या डबीत टाकायचं काम आमच्या घरात माझंच होतं. गोचीड तापाने आमची जर्सी दोन दिवसांत गेली. गावठी गाय त्याच गोचिडी अंगावर घेऊन शेजारी रवंथ करत उभी. टेक्सासच्या लाँगहॉर्न जातीच्या गुरांचं असंच होतं. स्वतः ठणठणीत, पण ज्या वाटेने जातील तिथली कॅन्ससची गुरं पटापट मरायची.

पण दोष गोचिडीचा, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किल्बोर्न या अमेरिकी संशोधकांनी छापून सिद्ध केलं 1893 साली. कॅन्ससच्या विधिमंडळाने टेक्सासच्या गुरांना राज्य बंद केलं 1885 ला, आणि डॉजचा बाजार उठला. आठ वर्षं आधी नोटीस काय गोचिडीला बजावली होती? बंदी हवी होती शेतकऱ्यांना. त्याआधीही बंदीची एक रेषा होतीच, तिच्या पूर्वेला टेक्सासची गुरं आणायची नाहीत अशी. शेतकऱ्यांची वस्ती पश्चिमेला सरकेल तशी ती रेषा सरकली. डॉजच्या आधी गुरांचा बाजार भरायचा त्या ॲबिलीन गावाने 1872 ला गुरंवाल्यांना 'दुसरीकडे जा' म्हणून कळवलं. 1876 ला विचिटाचा बाजार असाच बंद झाला, म्हणून तर डॉजची चलती. रोग खराच होता हो, पण भांडण जमिनीचं होतं, आणि त्या जमिनीभोवती तार होती. काटेरी तारेचं ग्लिडनचं पेटंट 1874 चं. घाला मेळ. (एकट्या तारेनेच सगळं केलं असं माझ्या लेखातून वाटत असेल, तर ते वाक्य सैल झालंय.)

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांत मी पडत नाही.

राहिला तुमचा 'सिनेमे पाहून लिहिलंय' हा टोमणा. सहा वर्षं विचिटात नोकरी केली. तिथून अडीच तास गाडी हाकत तीनदा डॉजला गेलो. तिथे गुरं आजही येतात, फक्त पायी नाही. ट्रकने, थेट मांसाच्या कारखान्यांत. तो वास सिनेमात येत नाही.

तुम्ही कधी गेला होतात?