आधी चाखू, मग लावू

द्राक्षाला अवकाळीने झोडपलं की आमच्या दिंडोरीत नवं फळ येतं. आधी पारावर, मग शेतात. मागे ड्रॅगन फ्रूट आलं, त्याचे सिमेंटचे खांब अजून उभे आहेत. यंदा ॲव्होकॅडो. रोपवाल्याने मोबाइलवर एकरी उत्पन्नाचा हिशेब मांडला. अण्णांनी एकच विचारलं, "लागतं कसं?"

"बाहेर लई डिमांड आहे," तो म्हणाला. म्हणजे त्यानेही खाल्लेलं नव्हतं.

मग नाशिकला कॉलेज रोडवरून 'हास' जातीची फळं आणली. भाव घरी सांगितला नाही, इथेही सांगत नाही. हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच पिकतं. तेव्हा रवानगी तांदळाच्या डब्यात. येता-जाता प्रत्येक जण दाबून बघायचा. ते पिकून मऊ झालं की दाबून, यावर घरात अजून एकमत नाही. हिरवी साल काळी पडली तशी आई म्हणाली, "सडलं. टाक." पिकल्याची खूणच ती, हे पटवेपर्यंत चहा गार झाला.

अण्णांनी आधी फळातली साखर मोजायचं ब्रिक्स मीटर काढलं. आमच्यात फळ पहिल्यांदा काचेतून चाखतात. थॉमसन द्राक्षं १८ ला गेली की पुढचं बोलायचं. इथे काचेवर थेंबच पडेना. पिळून पिळून बोटं तेलकट.

"यात साखर नसतेच, अण्णा. तेल असतं."

"मग मार्केटला न्यायचं का घाण्यावर?"

आईने एक घास घेतला. "ना गोड, ना आंबट. आजारी माणसाला बरंय." शेवटी बायकोने कांदा, लिंबू आणि ठेचा घालून कालवलं. भाकरीबरोबर चाटूनपुसून संपलं. कौतुक मात्र ठेच्याचं झालं.

मी अण्णांना हासची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातला रुडॉल्फ हास हा पोस्टमन. एका झाडावर कलम बसेना म्हणून तो ते तोडायला निघाला होता. पण पोरांना फळ आवडलं म्हणे, म्हणून झाड वाचलं. १९३५ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. आज जगात विकले जाणारे बहुतेक ॲव्होकॅडो त्याच झाडाच्या वंशातले.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्याचा पगार चालू होता," ते म्हणाले.

"मग रोपवाल्याला काय सांगू?"

"बांधाला दोन लाव. अन् अर्धा एकर मिरची."