हाड

आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला तीन नावं आहेत. समोरच्या वहिनींची मुलं त्याला ब्राउनी म्हणतात, कोपऱ्यावरचे नाना ‘तो हलकट’ म्हणतात आणि मी हाड म्हणतो. म्हणजे नाव म्हणून नव्हे. पण तीन वर्षं रोज उठून एकच शब्द कानावर पडल्यावर त्याने तो आपलं नाव समजून घेतला, तर त्याचं काय चुकलं? त्यातून त्या शब्दाचा दुसरा अर्थही त्याच्या आवडीचा.

इंदूरच्या सुदामा नगरातली आमची गल्ली दिवसा आमची असते, रात्री त्याची. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, हाणून साडेबाराला स्कूटरवरून परतायचं आणि शेवटची दोनशे पावलं पाय वर उचलून, गुडघे हँडलला लावून घर गाठायचं, हे माझ्या वयाला शोभत नाही. तो चावत नसे. नुसता मागे धावे आणि फाटक आलं की थांबे, जणू सुखरूप पोचवायला आला होता.

नानांचं दुःख वेगळं. त्यांच्याकडे लॅब्राडोर आहे. त्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस दिली, पुढे दर वर्षी चुकवली नाही. त्याचं पुस्तक नाना स्वतःच्या पासबुकाशेजारी ठेवतात. गळ्यात पट्टा, हातात साखळी, सगळं नियमात. फक्त पोट मोकळं करायला त्याला माझंच फाटक लागतं. ‘‘उचलतो की पिशवीत!’’ असं नाना म्हणतात, आणि खरंच उचलतात. पंचाईत पुढे होते. इंदुरात कचरागाडीला सहा कप्पे : ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा. ही पिशवी कुठल्या कप्प्यात टाकायची, यावर नाना आणि गाडीवाला रोज वाद घालतात. ‘‘सकाळी ओला असतो भिया, दुपारपर्यंत ठेवला तर सुका,’’ हा नानांचा शेवटचा मुद्दा. तोवर मागे आम्ही सगळे आपापले डबे धरून ताटकळत.

असे हे नाना 2025च्या ऑगस्टमध्ये अकरा दिवस अत्यंत सुखी होते. 11 तारखेला सुप्रीम कोर्टाने दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री निवाऱ्यात ठेवा म्हटलं. दिल्लीचा आदेश नानांनी परस्पर आमच्या गल्लीला लागू केला आणि सकाळी पोह्यांबरोबर सगळ्यांना जिलेबी खिलवली. 22 तारखेला मोठ्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी आणि लस झाली की कुत्रं परत आपल्या जागी. पिसाळलेलं, तसा संशय असलेलं किंवा अंगावर येणारं असेल तेवढं सोडून. नानांनी जिलेबीचे पैसे मागितले नाहीत, पण दोन दिवस बोललेही नाहीत.

शेवटी डिसेंबरात मीच महापालिकेच्या 311 अ‍ॅपवर तक्रार टाकली. गाडी आली ती सकाळी, भोंगा लावून. इंदुरात सकाळी भोंगा वाजला की माणसाचा हात आपोआप डब्याकडे जातो. पाच मिनिटांत अख्खी गल्ली ओला डबा एका हातात, सुका दुसऱ्या हातात घेऊन कुत्र्यांच्या गाडीपुढे उभी. भोंग्यातून माणूस स्वच्छ सांगत होता की कुत्र्याला नेऊ, ऑपरेशन करू, रेबीजची लस देऊ आणि इथेच आणून सोडू. ते शेवटचं वाक्य कुणीही ऐकलं नाही. जो तो डबा लपवण्यात गुंतला होता.

हाड नानांच्या गाडीखाली झोपलेला. जाळी तिथे पोचेना. मग माझ्या अंगात पराक्रम संचारला. ग्लुकोज बिस्किटाचा पुडा आणला, माझ्या फाटकाशी उकिडवा बसलो आणि प्रेमाने हाक मारली, ‘‘हाड, हाड, ये!’’ आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दात त्याला बोलावणं ऐकू आलं. शेपूट हलवत आला, बिस्किट घेतलं, घेताना एक दात माझ्या बोटावरून ओढला गेला आणि वरून जाळी पडली.

रजिस्टर निघालं. कुठून उचलला, ते लिहायचं होतं. मी छाती काढून माझ्याच घराचा नंबर सांगितला.

नाना म्हणाले, ‘‘सिमरोळच्या घाटात सोडा म्हणावं.’’

‘‘नहीं बाबूजी. जहाँ से उठाया, वहीं छोड़ेंगे. कानून है,’’ तो माणूस म्हणाला. ‘‘और इसको हटा भी दो, तो बाजू की गली के तीन आ जाएँगे. बिना टीके वाले.’’

हा नियम 2001पासून आहे, 2023च्या नव्या नियमांतही तोच आहे, हे मला नंतर कळलं. रजिस्टरवरचा नंबर तोवर वाळला होता.

बोटावर जेमतेम एक लाल रेघ उमटली होती. मी हळद शोधत होतो, पण बायकोने मनगट धरून नळाखाली नेलं. ‘‘पंधरा मिनिटं. साबण लावून. वाहत्या पाण्यात.’’ कपड्यांचा निळा साबण, डिसेंबरातलं टाकीचं पाणी आणि समोर घड्याळ धरून बायको. नवव्या मिनिटाला बोट माझं आहे की नाही हेच कळेना. ‘‘झालं ना आता?’’ ‘‘सहा राहिली.’’

डॉक्टरांना मी आधीच विचारून टाकलं, ‘‘पोटात चौदा?’’ ते म्हणाले, तो जमाना गेला. आता दोन्ही दंडांत, कातडीत, बारीक सुई. आज शून्यावा दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. कुंडलीत शून्य दिवस नसतो, तो मला डॉक्टरांच्या वहीत भेटला.

‘‘आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. ठणठणीत राहिला पाहिजे. कुठे आहे तो?’’

‘‘मीच पकडून दिला.’’

डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

तिथून पुढे माझी झोप उडाली. ज्याचा चेहरा नको झाला होता, त्याच्या प्रकृतीवर माझा जीव टांगलेला. सकाळ-संध्याकाळ गाडीवाल्याला फोन : ‘‘कैसा है? खाया? पानी पीता है ना? आवाज तो नहीं बदली?’’ चौथ्या दिवशी तो म्हणाला, ‘‘बाबूजी, लोग भरती ससुर का इतना नहीं पूछते.’’

पाचव्या दिवशी गाडी आली. एका कानाला कापलेली खाच, पोटावरचे केस काढलेले, डोळे जरा उतरलेले. रजिस्टर उघडलं, नंबर वाचला आणि त्याला बरोब्बर माझ्या फाटकाशी उतरवलं. मला इतका आनंद झाला की मी त्याला दूधपोळी कुस्करून दिली. उरलेले पाच दिवस लक्ष ठेवायचं, तर तो डोळ्यांसमोर हवा. डोळ्यांसमोर हवा, तर त्याला खायला हवं. दहावा दिवस उजाडला तेव्हा तो ठणठणीत होता. उलट जरा जाडच झाला होता.

नानांच्या गाडीखाली तो परत गेला नाही. सराफ्यातून आलो की मागे धावत नाही. फाटकाशी बसल्या बसल्या एक डोळा उघडतो. नानांच्या लॅब्राडोरला मात्र आता माझ्या फाटकाच्या वीस फुटांत यायची सोय उरलेली नाही.

परवा नाना पिशवी आणि साखळी सांभाळत लांबूनच ओरडले, ‘‘अरे, तुझ्या कुत्र्याला आवर!’’

‘‘माझा नाहीये तो, नाना,’’ मी म्हणालो आणि खात्री पटावी म्हणून हात उगारून जोरात ओरडलो, ‘‘हाड!’’

तो धावत आला आणि माझ्या पायाशी बसला.