‘संस्थांना दमडीही देऊ नका’ म्हणणाऱ्यांना

पावसाने जोर धरला की नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. स्वयंसेवी संस्थांना दमडीही देऊ नका, 100 रुपयांतले 90 पगारात जातात, त्यांना हिशेब कोणी विचारत नाही, सेवा करणाऱ्याला पगार हवाच कशाला. त्यापेक्षा गाडी भरा आणि स्वतः वाटून या. मदतकार्य हेच माझं काम आहे, म्हणून उत्तर देतेय.

आधी ते 90 रुपये. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेच्या प्रशासकीय खर्चाला कायद्यानेच मर्यादा आहे. 2020च्या दुरुस्तीने ती 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. देशी देणग्यांवर चालणाऱ्या सार्वजनिक न्यासांनाही हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. लबाड लोक इथेही आहेत. म्हणूनच देणगी देण्याआधी ताळेबंद मागा. जी संस्था टाळाटाळ करेल तिला खुशाल नाही म्हणा.

पगाराचं बोलणं मात्र मनाला लागतं. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. लोकांना बाहेर काढलं ते एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि लष्कराच्या जवानांनी. ते सगळे पगारी. त्यांच्या सेवेवर कोणी बोट ठेवलं नाही, ठेवूही नये. मग पाणी ओसरल्यावर महिनोन्महिने वस्तीत राबणाऱ्या कार्यकर्तीने घरभाडं कशातून भरायचं?

राहिली गाडी भरून नेण्याची गोष्ट. त्या पुरानंतर नदीकाठच्या एका खोलीत बिस्किटांच्या पुड्यांची चळत लागली होती आणि शेगडीच्या बर्नरमध्ये चिखल घट्ट बसला होता. त्या ताईंना साधा चहा करता येत नव्हता. त्यांना हवी होती शेगडी, खराटा, फिनाईल आणि पंचनाम्यात स्वतःचं नाव. घर भाड्याचं, करार तोंडी, रेशनकार्डाचा लगदा झालेला. अशा भाडेकरूचं नाव यादीत चढवायला शेजाऱ्यांचे जबाब, जुनी वीजबिलं आणि तलाठ्याकडे खेपा लागतात. हे काम रविवारी गाडी घेऊन येणाऱ्याच्या हातून होत नाही, त्याचं मन कितीही मोठं असो. 2004च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. तेही कोणीतरी प्रेमानेच पाठवले होते.

स्वतः जाऊन वाटणं नेहमीच चुकतं असं नाही. 2020च्या टाळेबंदीत मजूर नागपूरवरून पायी गावाकडे निघाले होते, तेव्हा महामार्गावर जेवण, पाणी आणि चपला घेऊन उभे राहिले ते साधे नागपूरकर. गरज डोळ्यांसमोर चालत होती, आणि त्यांनी ती बरोबर ओळखली.

या क्षेत्रावर रागवायला जागा आहे, पण ती वेगळीच. 2016 मध्ये इस्तंबूलला मदतकार्यावर भरलेल्या जागतिक परिषदेत बड्या देणगीदारांनी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी शब्द दिला होता, की 2020 पर्यंत किमान 25 टक्के निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांच्या हाती देऊ. तो पाळला गेला नाही. प्रकल्पाची मुदत संपली की वस्तीतलं काम अर्ध्यावर सुटतं, आणि पुढच्या वर्षी कशावर काम करायचं हे दूरच्या शहरातलं कार्यालय ठरवतं. मेसेज लिहिणाऱ्याने जाब विचारायचा तो या लोकांना. त्याने धरलं मात्र तलाठ्याकडे खेपा घालणाऱ्या पोरीच्या पगाराला.