धुकं कसं बघावं

'वल्हाला रायझिंग' (२००९) हा व्हायकिंगांचा, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी लढवय्यांचा, सिनेमा बघायचं ठरवलंत? उत्तम. आधी थोडं खाऊन घ्या, पण पोटभर नको. सुरुवातीलाच गळ्यात साखळ्या घातलेली माणसं चिखलात एकमेकांचा जीव घेतात, आणि पुढे आतडीही बाहेर येतात.

गोष्ट ऐकून ठेवा. एक एकाक्ष कैदी सुटतो. एक पोर मागे लागतं. धर्मवेड्या ख्रिस्ती टोळीबरोबर दोघं जेरुसलेमला निघतात आणि होडी भलत्याच किनाऱ्याला लागते. ती बहुधा अमेरिका असावी. सगळं चित्रीकरण स्कॉटलंडात झालंय, तेव्हा तपशिलात शिरू नका. शेवट फोडला म्हणून रागावू नका. गोष्ट आधी कळल्यानं या सिनेमाचं काडीचंही नुकसान होत नाही.

इंग्रजी कच्चं असलं तरी निर्धास्त राहा. नायक मॅड्स मिकेल्सन अखेरपर्यंत एक अक्षर बोलत नाही. त्याच्या वतीनं ते पोरच बोलतं. २००६च्या बाँडपटात त्याच्या एका डोळ्यातून रक्त यायचं. इथे दिग्दर्शक निकोलस विंडिंग रेफ्न यांनी तो डोळाच काढून टाकलाय. त्यावरून कुणी ओडिनचं नाव घेईल, म्हणजे शहाणपणासाठी डोळा देणारा देव. मान डोलवा, वाद घालू नका.

शिंगांची शिरस्त्राणं शोधू नका. ती खऱ्या व्हायकिंगांकडेही नव्हती. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषाकारानं ती त्यांच्या डोक्यावर चढवली. मध्येच पडदा लालभडक झाला तर टीव्ही बिघडला समजून उठू नका, नायकाला भविष्य दिसतंय. (दिग्दर्शक स्वतः रंगांध आहेत. त्यांना मधल्या छटा दिसत नाहीत, मग तुम्हाला तरी का दिसाव्यात?)

आता होडी. वारा पडतो, धुकं दाटतं, प्यायचं पाणी संपतं, आणि एवढे मर्द गडी त्या पोरालाच अपशकुनी ठरवतात. इथे घड्याळ बघायचं नाही. मोबाइल पालथा घाला, हनुवटीखाली हात ठेवा. अखेर एकाक्षच ओंजळभर पाणी पिऊन बघतो, आणि ते गोडं निघतं. धुक्यात बसल्या बसल्या होडी कधीच नदीत शिरलेली असते. खरं सांगू? एवढ्यासाठी मी तो सिनेमा पुन्हा लावला. पण हे चारचौघांत बोलू नका, आपण वैतागलो असंच सांगायचं.

शेजारची मंडळी डुलकीतून जागी होऊन विचारतील, ''अहो, पोचले का ते?''

धुक्याकडे बोट दाखवा.