सामानाची यादी भिंतीवरच हवी

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी तोंडावर आलीय म्हणून लिहितेय. घरातल्या सामानाची यादी फोनमध्ये नको, भिंतीवर कागदावरच हवी, हे माझं ठाम मत आहे. फोनमधली यादी ज्याचा फोन त्याची, म्हणजे बहुतेक घरांत बाईची, मग साखर संपली तरी सगळे तिलाच सांगणार आणि सिलिंडर कधी लावला तेही तिलाच विचारणार. ॲपवर यादी शेअर करता येते हे मान्य, पण सासूबाईंच्या बटणवाल्या फोनवर ती कशी जाणार?

आमच्याकडे मुलांच्या जुन्या वह्यांची कोरी पानं उभी दुमडून स्वयंपाकघरात खिळ्याला लावलेली असतात, बाजूला सुतळीने बांधलेली पेन्सिल. पेन्सिलच, कारण पावसात कागद सादळतो आणि त्यावर बॉलपेन धड चालत नाही. डावीकडे वाण्याचं सामान, उजवीकडे बाकीची कामं, मेडिकल, झेरॉक्स, छत्रीची काडी बसवायचीय तेसुद्धा. जो डबा रिकामा करेल त्याने लिहायचं आणि सोमवारी मालवणच्या बाजाराला जो जाईल त्याने पान काढून न्यायचं. सासूबाईंना बारीक दिसत नाही, त्या नातवाला हाक मारतात, "बाबू, मीठ सपला रे, लिवन ठेव", की तो लिहितो. सिलिंडरची तारीख मात्र कालनिर्णयवर, १९७३ पासूनचं आपल्या मालवणच्या जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय, ते कुठल्या घरात नाही!

आगोटीचा कागद वेगळा. तांदूळ, जाडं मीठ, मिरची, सोलं, कांदे, ताडपत्री, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, म्हणून सुकट, बोंबील, सुके बांगडे आधीच भरून ठेवायचे.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा लाईट गेली, रेंज गेली, चार्जिंग संपून फोन बंद पडले आणि आमची खरेदी अर्धीच झालेली. काय आलंय, काय राहिलंय ते सगळं भिंतीवर होतं, भावोजी तो कागद घेऊन वाण्याकडे गेले, कुणाला काही विचारावं लागलं नाही.

आणि आगोटीचा कागद फेकू नका. पाऊस संपला की प्रत्येक वस्तूपुढे किती उरलं, काय कमी पडलं ते लिहा. आमच्या गेल्या वर्षीच्या कागदावर लिहिलंय, मीठ ५ किलो उरलं, सुकट श्रावणाआधीच संपली. त्यामुळे यंदा मीठ कमी, सुकट जास्त.